निळ्या पट्ट्यातलं नाव

मी, श्रीमती कौशल्या मधुकरराव मोहोड, वय ७१ वर्षे, धंदा मुद्रण, राहणार मानेवाडा, नागपूर, माझ्या मागे माझ्या मालमत्तेचं काय व्हावं ते या कागदावर लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी त्यांना त्यांच्याच लेटरहेडवरचा लाल रंग काळ्यापासून केसभर सरकलेला दाखवला, तेव्हा म्हणाले, "पुरे." हा कागद मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. मला दबवायला जी हिंमत लागते ती आमच्या घरात एकीजवळच होती, आणि तिच्याबद्दल पुढे येईलच.

ॲडव्होकेट चिन्मयी बक्षी यांनी मला एक तयार मसुदा आणून दिला होता. छान होता. त्यात फक्त नाव भरायचं होतं, मग तो माझाही चालला असता आणि शेजारच्या गोडाऊनवाल्याचाही. मी तो परत केला. चिन्मयी म्हणाली, "आजी, तुम्ही जे लिहून राहिल्या ते मृत्युपत्रात येत नाही. कोर्ट हसेल." हसू दे. आमच्या खानदानात कोर्टाला हसवणारं कोणी निघालं तर तेवढंच नाव होईल.

या कागदाचं खरं काम एकच आहे. महालातली 'मोहोड ऑफसेट' ही प्रेस, म्हणजे गाळा, दोन रंगी मशीन, कटिंग मशीन आणि आत जे काही आहे ते सगळं, मी माझा मुलगा जितेंद्र याला न देता सून वंदना हिला देत आहे. वंदनाने गेल्या चौदा वर्षांत त्या प्रेसची पायरी चढलेली नाही. ती का चढली नाही आणि प्रेस तरीही तिलाच का, हे कलम ७ मध्ये लिहायचं आहे. पहिली सहा कलमं सोपी आहेत. सातवं लिहिताना मी तीनदा उठून चहा केला.

कलम १. मानेवाड्याचं घर जितेंद्रला. त्याला घरच द्यावं, कारण घर चालवावं लागत नाही, ते जागच्या जागी उभं असतं. जितेंद्र 'ब्रँडिंग' करतो. म्हणजे काय, हे मी त्याला चारदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "आई, तुले नाई समजणार." मला समजलेलं आहे. लोकांच्या दुकानाचं नाव बारीक अक्षरात लिहायचं आणि भोवती ढीगभर जागा कोरी सोडायची, याला ब्रँडिंग म्हणतात. कापायच्या रेघेबाहेर तीन मिलिमीटर रंग जास्तीचा सोडावा लागतो, त्याला आमच्यात ब्लीड म्हणतात, पहिल्या आठवड्यात शिकवतात. हा सोडत नाही. मग कार्डाच्या कडेला पांढरी चीर निघाली की कटिंगवाल्याला शिव्या देतो. नाचता येईना अंगण वाकडं.

प्रेसचं याने काय ठरवलं होतं तेही लिहून ठेवते. गाळा मोबाइलच्या कव्हरवाल्याला आणि मशीन भंगारात. गिऱ्हाईक घेऊनच आला होता. तो माणूस माझ्या मशीनवर कोपर टेकवून उभा होता आणि विचारत होता, "माताजी, ये कब तक हटेगा?" मी म्हटलं, "आप के बाद."

कलम २. बँकेतली ठेव आणि माझी सोन्याची एकदाणी, हे दोन्ही नात भूमिका हिला. ठेव तिने कशावरही खर्च करावी. अट एकच घालणार होते, की बापाचा सल्ला घेऊ नये, पण ती आपणहूनच घेत नाही.

कलम ३. माझे दीर कृष्णकांत मोहोड यांना मी काहीही देत नाही. यात रागाचा भाग नाही असं लिहायला चिन्मयीने सांगितलं होतं. रागाचा भाग आहे. पण कायद्याचाही आहे. ती म्हणते, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार नसलेलं बरं. मला कृष्णकांत साक्षीदार म्हणूनच हवे आहेत. चाळीस वर्षं हे गृहस्थ प्रेसमध्ये खुर्चीवर बसून होते आणि बाहेर सांगत होते की प्रेस आपण चालवतो. शाईचा डबा कोणत्या बाजूने उघडतात ते त्यांना ठाऊक नाही, पण मुद्रक संघाच्या सभेत भाषण दरवर्षी. त्यांच्या आवाजाची मला गरज कधी पडली नाही. या कागदाखाली त्यांच्या सहीची पडली आहे.

कलम ४. जितेंद्रचा भागीदार पियुष याला माझं शेड कार्ड. यात प्रत्येक रंग कागदावर कसा पडतो ते छापून दाखवलेलं असतं. हा मुलगा छपाईला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि वर लिहितो, 'काकू, एचडी आहे.' तळहाताएवढ्या फोनवर चकचकीत दिसणारा तो फोटो दहा फुटांच्या फलकावर चढला की नवरदेवाच्या नाकावर विटांचं बांधकाम दिसतं. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट आला की म्हणतो, "काकू, तुमच्या मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे." अरे बापा, पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने. हे मी त्याला किती वेळा सांगितलं त्याची मोजदाद नाही. शेड कार्ड त्याने निदान एकदा उघडावं. नाहीच जमलं तर डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालावं.

कलम ५. काचेचं टेबल कोणालाही देऊ नये. मोडून भंगारात घालावं.

याचं कारण लिहिल्याशिवाय पुढचं कोणाला कळणार नाही. माझं माहेर मौद्याजवळचं, वडिलांची धानाची शेती, मी दहावी पास. लग्न होऊन आले तेव्हा प्रेसमध्ये शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम होतं, ते बाया करत नसत. १९८६ साली ऑफसेट आलं. मधुकररावांनी एक लाकडी टेबल आणलं, वर दुधी काच, खाली ट्यूबलाइट, आणि म्हणाले, "हे तुले जमते का पाहा." त्या काचेवर फिल्मच्या निगेटिव्ह मांडायच्या, चारही रंगांच्या एकावर एक तंतोतंत बसवायच्या, चिकटवायच्या, आणि जिथे जिथे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असेल तिथे ब्रशने तपकिरी रंग भरायचा, नाहीतर छापताना तिथे ठिपका पडतो. मला जमलं. तेवीस वर्षं जमलं. नागपुरात माझ्या हातची फिल्म भिंगाखाली धरून चूक काढणारा माणूस मला भेटला नाही. शाल-श्रीफळ मधुकररावांना मिळालं, डोळे माझे गेले, तरी माझी तक्रार नव्हती. प्रेसमध्ये माझा शब्द शेवटचा होता आणि ते मला पुरत होतं.

मग वंदना आली. २००७ साली जितेंद्रशी लग्न झालं, डीटीपीचा डिप्लोमा केलेली. सहा महिन्यांत तिने कॉम्प्युटरचं सगळं काम हातात घेतलं. गिऱ्हाइकं तिच्याच टेबलापाशी बसायला लागली. दोन वर्षांनी फिल्मच बंद झाली. फाइल पाठवायची आणि बाहेरच्या सेंटरमधून मशीनवर चढवायची पत्र्याची प्लेट थेट तयार यायची. माझ्या काचेवर जेवणाचे डबे आणि पाण्याची कॅन आली. एक दिवस ती म्हणाली, "आई, हे टेबल काढून तिथं प्रिंटर ठेवू का? आता त्याचं काम नाई पडत." तिने आदरानेच विचारलं होतं. म्हणून जास्त लागलं. मी नाही म्हटलं. टेबल आजही तिथेच आहे, त्यावर आजही डबे ठेवतात, आणि मला ते पाहवत नाही.

कलम ६. मशीनमन मुकुंद लांजेवार याला जे द्यायचं ते मी हयातीतच देऊन टाकलं आहे, कारण तोही साक्षीदार आहे. पान्यांचा पूर्ण सेट, माझं भिंग आणि एक सायकल. मुकुंद एकतीस वर्षं आमच्याकडे आहे. प्लेटचा नियम त्याला कोणी विचारला तर तो झोपेत सांगेल, तरी इथे लिहिते. आमच्या प्रेसमध्ये गिऱ्हाइकाने प्रूफवर, म्हणजे आधी काढलेल्या नमुन्यावर, सही केल्याशिवाय काम पुढे जात नाही, आणि प्लेट कोणाचीही असो, तिच्या कोपऱ्यात माझी मार्करची टिक असल्याशिवाय मुकुंद ती मशीनवर चढवत नाही. टेबलाचं काम गेलं तरी ती टिक माझ्याकडे राहिली होती. तेवढीच राहिली होती.

कलम ७. आता प्रेस.

डिसेंबर २०११ मध्ये कळमेश्वरकडच्या एका पतसंस्थेचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आमच्याकडे होतं. आठ हजार प्रती. संस्थेचे संस्थापक त्याच वर्षी वारले होते. वरच्या अर्ध्या भागात त्यांचा फोटो, खाली रुंद निळा पट्टा, पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात त्यांचं नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा. फाइल वंदनाने केली.

कॉम्प्युटरात अक्षराला एक खूण असते. अक्षर खालच्या रंगावर चढवून छापायचं, की खालचा रंग तिथे कापून जागा मोकळी ठेवायची, हे ती खूण ठरवते. काळं अक्षर चढवतात. पांढऱ्यासाठी रंग कापावाच लागतो, कारण आमच्याकडे पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कोरा कागद. वंदनाने मागच्या वर्षीच्या फाइलमधलं काळं अक्षर घेतलं, मजकूर बदलला आणि रंग पांढरा केला. चढवायची खूण तशीच राहिली. अशा वेळी अक्षर पडद्यावर दिसतं, घरच्या प्रिंटरवर काढलेल्या प्रूफवर दिसतं, गिऱ्हाईक खुशाल सही करून जातं, आणि प्लेटवर अक्षर नसतंच. ही चूक त्या काळात चांगल्या चांगल्यांकडून झाली आहे. अशी चूक पकडायलाच तर प्लेट पाहायची असते.

प्लेटा दुपारी आल्या. मी पाहिल्या. तो निळा दोन शाया मिळून होतो, त्या दोन्हींच्या प्लेटांवर पट्टा सपाट होता. एक अक्षर नाही, वेलांटी नाही, काही नाही. मला पहिल्या नजरेत कळलं. तेवीस वर्षं टाचणीएवढी छिद्रं शोधलेल्या बाईला हातभर पट्ट्यातलं नाव गायब झालेलं दिसणार नाही, असं कोणी समजू नये.

मी प्रूफ शेजारी ठेवलं, पुन्हा पाहिलं, आणि टिक केली.

माझ्या मनात काय होतं ते लिहिते. होऊ दे एकदा, असं होतं. एवढा कॉम्प्युटर कॉम्प्युटर करतात, पाहू दे सगळ्यांना. मला वाटलं होतं दहा-वीस शीट निघतील, मुकुंद थांबवेल, वंदना खजील होईल, आणि मग सगळे माझ्याकडे येतील. मुकुंदने थांबवलंही. तो पहिली शीट घेऊन आत आला आणि म्हणाला, "बाई, या निळ्या पट्ट्यात काही होतं का? मले मोकळा दिसून राहिला."

तिथे मी हो म्हणायचं होतं. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर चार माणसं बसली होती, वंदना त्यांना काहीतरी समजावत होती आणि ते हसत होते. मी म्हटलं, "प्लेट मी पाहिली आहे. चालव."

मुकुंदने शीट तिथेच ठेवली. मग गेला आणि चालवलं. आठ हजार.

प्रकाशनाचा कार्यक्रम होता, मधुकरराव गेले होते. कॅलेंडरवरचा कपडा काढला. संस्थापकांच्या पत्नी पुढे आल्या, फोटोला नमस्कार केला, मग खाली नाव दिसेना म्हणून पट्ट्यावरून पदराने पुसलं. त्यांना वाटलं धूळ बसली आहे. मधुकररावांनी घरी येऊन हे सांगितलं. मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये पंचायत बसली. कृष्णकांत ओरडत होते, "बायकांच्या हाती कॉम्प्युटर देल्ला की असंच होते! डिप्लोमा म्हणे!" ज्या बाईच्या जिवावर ते पंचवीस वर्षं खुर्ची उबवत होते ती समोर उभी होती, तरी ओरडत होते. जितेंद्र भिंतीकडे पाहत होता. वंदना म्हणाली, "फाइल माझी हाये, मी नाई म्हणत नाही." मग माझ्याकडे वळली. "पण आई, प्लेट तुम्ही पाहिली होती ना?"

मी म्हटलं, "मी पाहिली तेव्हा अक्षर होतं."

इतकं खुळचट खोटं कोणी बोललं नसेल. प्लेटवर अक्षर असतं तर कागदावर आलं असतं, हे मुकुंदला कळत होतं, वंदनाला कळत होतं, आणि मला सगळ्यांत जास्त कळत होतं. पण माझ्या मार्करच्या टिकेवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, म्हणून कोणी ठेवलं नाही. जितेंद्र बायकोला म्हणाला, "आई कशी चुकल वं? तूच पाहा तुझी फाइल." वंदनाने कॉम्प्युटर बंद केला, चष्मा घेतला, आणि निघून गेली.

तेव्हापासून ती रामदासपेठेत एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. नाव, वय, पत्ता, फाइल नंबर. जिच्या हातात चार रंग होते ती चौदा वर्षं निळ्या पेनाने नंबर लिहून राहिली आहे. आम्ही एकाच घरात राहतो. ती माझ्या गोळ्या देते, मला वाढते, भूमिकेचं काही असेल तर सांगते. प्रेसचं नाव काढत नाही. मधुकरराव २०१६ मध्ये गेले, जाईपर्यंत म्हणत होते, "पोरगी हुशार होती, पण एक चूक नडली." मी उशाशी बसून ऐकत होते.

तर हे लिहून ठेवते की ती चूक माझी आहे. पट्टा मोकळा आहे हे मला माहीत होतं. मत्सराने मी टिक केली, मुकुंदने विचारल्यावर चालव म्हटलं, आणि सगळ्यांसमोर वंदना खरं विचारत असताना मी खोटं बोलले. आयुष्यभर मी लोकांच्या चुका भिंगाखाली धरून दाखवल्या आणि ही एक पदराखाली ठेवली.

म्हणून प्रेस वंदनाची. हे बक्षीस नाही. ती तिथे राहिली असती तर आज प्रेस तिचीच असती, आणि माझ्यापेक्षा बरी चालली असती.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट चिन्मयी बक्षी करतील. प्रेसवर जितेंद्रने, कृष्णकांत यांनी किंवा खानदानातल्या कोणीही दावा सांगू नये. सांगितला तर कलम ७ कोर्टात मोठ्याने वाचलं जाईल, आणि त्यात त्यांचीही वाक्यं आहेत.

इथपर्यंतचा मजकूर टाइप केलेला आहे. यापुढचा मी हाताने लिहीत आहे, कारण टाइप झाल्यावर मी कागद सही न करता आधी वंदनाला दाखवला.

ती ड्यूटीवरून आली होती. मी कागद पुढे केला. तिने तो ओट्यापाशी उभ्याउभ्या वाचला. कलम ७ वाचताना तिने गॅस बंद केला. माझी समजूत अशी होती की ती रडेल, किंवा पाया पडेल, किंवा निदान 'जाऊ द्या आई' म्हणेल. मी किती मूर्ख आहे हे मला या वयात कळायचं होतं.

ती म्हणाली, "हे मेल्यावर कायले सांगता?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे असं की त्या दिवशी सगळे जिवंत होते. मी होती, तुम्ही होत्या, काका होते, मुकुंदभाऊ होते. मले सगळ्याईसमोर खोटं पाडलं. अन् खरं तुम्ही फोटोतून सांगणार? तेव्हा मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?" तिचा आवाज चढला नव्हता. "प्रेसचं नंतर पाहू. घेईन का नाई तेही मले माहीत नाई. आधी हे वाचा. तिथंच. त्याच लोकांसमोर."

मी म्हटलं, "बाबा तर गेले वं."

"हाव," ती म्हणाली. "त्यायले ऐकवायचं राहून गेलं तुमचं."

दोन दिवस मी तिच्यावर संतापले होते, हे लिहून ठेवते. प्रेस देते, सगळं कबूल करते, तरी हिचं पोट भरत नाही, असं मनात म्हणत होते. तिसऱ्या दिवशी तो संताप मला ओळखीचा वाटला. प्लेटांपाशी उभी असताना होता तोच होता. मग मी सगळ्यांना फोन केले.

आज रविवारी सकाळी अकरा वाजता प्रेसमध्ये जमलो. मशीन बंद होतं. कृष्णकांत त्यांच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसले. जितेंद्र फोन घेऊन उभा होता. चिन्मयी होती, मुकुंद आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. वंदना शेवटी आली. पायरी चढून आत आली आणि दारापाशीच, कागदाच्या थप्पीला लागून उभी राहिली. मी उभी राहिले आणि कलम ७ सगळं वाचलं. दुसऱ्यांना झापताना माझा आवाज कधी कमी पडलेला नाही, बाहेरच्या पानठेल्यावर ऐकू जायचा. आज तो बारीक निघत होता. 'खोटं बोलले' हे दोन शब्द मी पटकन उरकले.

वाचून झालं. कृष्णकांत म्हणाले, "वहिनी, जुनं काहून उकरून राहिल्या? झालं गेलं." जितेंद्र म्हणाला, "आई, बस कर आता. चारचौघात शोभते का हे?" मुकुंद खाली पाहत होता. त्याने मान हलवली, म्हणजे असंच झालं होतं.

मी वंदनाकडे पाहिलं. मला वाटलं आता ती पुढे येईल.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "मागं ऐकू नाई आलं. पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न गाळता, बाहेर पानठेल्यावर ऐकू जाईल असं.

तिने प्रेस घेईन असं म्हटलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. घेतली तर तिची, नाही घेतली तरी तिचीच, तिने विकावी, मोडावी किंवा कुलूप लावावं. त्यात कोणी तोंड घालू नये. मजकूर मी वाचला आहे, समजून सही करत आहे.

लिहून ठेवणार:
(सही) कौशल्या मधुकरराव मोहोड

साक्षीदार: आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की श्रीमती कौशल्याबाईंनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली, त्या पूर्ण शुद्धीत होत्या, आणि सहीच्या आधी कलम ७ त्यांनी स्वतः उभं राहून दोनदा वाचलं. आम्ही दोघेही वंदनाबाईंच्या जवळच होतो. पहिल्या वेळीही सगळं नीट ऐकू आलं होतं.

१. (सही) कृष्णकांत मोहोड, महाल, नागपूर
२. (सही) मुकुंद लांजेवार, मशीनमन, मोहोड ऑफसेट

ठिकाण: मोहोड ऑफसेट, महाल, नागपूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार